‘दैव देते आणि कर्म नेते’: देव की दैव, आणि कर्म म्हणजे कोणते?

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाचे तीन प्रश्न आहेत: या म्हणीत ‘देव’ आहे की ‘दैव’, दैव आणि कर्म या दोहोंचा अर्थ नशीबच असेल, तर एकाने दिलेले दुसरे नेते कसे, आणि अवकाळी पावसाने हापूसचे पीक गेले, तर तिथे ही म्हण शोभेल का?

पहिल्या प्रश्नाचा निकाल व्याकरणच लावते. ‘देव’ पुल्लिंगी असल्याने ‘देव देतो’ म्हणावे लागेल आणि ‘देते–नेते’ हे यमक मोडेल. दैव आणि कर्म मात्र दोन्ही नपुंसकलिंगी आहेत. तळकोकणात हा घोटाळा होण्यास मालवणीचाही हातभार लागत असावा, कारण तिथे ‘तो करता, ती करता, तां करता’ असे क्रियापद तिन्ही लिंगांत सारखेच राहते, आणि त्यामुळे ‘देव दिता’ काय किंवा ‘दैव दिता’ काय, कानाला काहीच खटकत नाही.

दुसरा प्रश्न खरा मार्मिक आहे. ‘पूर्वजन्मकृतं कर्म तद्दैवमिति कथ्यते’ असे हितोपदेशात म्हटले आहे. म्हणजे मागच्या जन्मीच्या कर्मालाच दैव म्हणतात. हा अर्थ म्हणीला लावला, तर देणारे आणि नेणारे एकच ठरतात आणि म्हणीतली सगळी गंमत जाते. त्यात भर म्हणजे बोलीत ‘कर्म’ हा शब्द दोन्हीकडे झुकतो: ‘कर्म माझं!’ म्हणत कपाळावर हात मारणाऱ्या माणसाला आपली करणी नव्हे, तर आपले फुटके नशीब अभिप्रेत असते, आणि ‘कर्मधर्मसंयोगाने’ झालेली भेट तर निव्वळ योगायोगाची असते. तरीही या म्हणीत कर्म म्हणजे याच जन्मीची, आपल्याच हातची करणी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नशिबाने पदरात टाकलेले माणूस स्वतःच्या नादानपणाने घालवतो, हा टोमणा त्याशिवाय उभाच राहत नाही. मोहोर कलम झाकून टाकील इतका आला, पण बागायतदाराने आळसाने फवारणी लांबवली आणि तुडतुड्यांनी तो काळा करून टाकला, की शेजारी जे बोलतात ती ही म्हण. रापणीला बांगडा उदंड लागला, पण जाळ्याची फाटलेली जागा वेळेवर तुणली नव्हती म्हणून तो निसटला, तर तिथेही ती चपखल बसते.

अवकाळी पावसाचे तसे नाही. त्यात बागायतदाराची कोणतीच चूक नसते, त्यामुळे तिथे ही म्हण वापरणे म्हणजे नुकसान सोसणाऱ्यालाच बोल लावणे होईल. काही जण ती सरसकट कोणत्याही हानीला लावतात हे खरे. पण लेखात त्या प्रसंगी ‘आले देवाजीच्या मना, तेथे कोणाचे चालेना’ हीच म्हण घ्यावी, आणि तिच्यात ‘देव’च लिहावा.