एकाच नावाचे दोन प्रोसेसर, पण स्टेपिंग वेगळे: त्यातला एक बनावट आहे का?

पुण्यातल्या दोन दुकानांतून घेतलेले दोन इंटेल कोअर आय५-१२४०० सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासून पाहिले असता एकाचे स्टेपिंग (चिपच्या आवृत्तीचा क्रमांक) २ आणि दुसऱ्याचे ५ दिसते, तेव्हा त्यातला एक बनावट असेल का, असे तुम्ही विचारले आहे. नारायण पेठेत संगणक जोडणी आणि दुरुस्तीचे काम करताना ही शंका माझ्याकडे वरचेवर येते. केवळ स्टेपिंग वेगळे आहे म्हणून प्रोसेसर बनावट ठरत नाही.

इंटेलने हा प्रोसेसर दोन वेगळ्या डायपासून, म्हणजे चिपच्या मूळ सिलिकॉन तुकड्यांपासून, तयार केला आहे. ‘सी०’ डायवर मुळात आठ मोठे आणि आठ छोटे कोअर असतात. त्यांतले दोन मोठे आणि सगळे छोटे कोअर बंद करून त्याचा १२४०० केला जातो, आणि त्याचे स्टेपिंग २ दिसते. ‘एच०’ डायवर सहा मोठे कोअरच असतात, छोटा एकही नसतो. त्याचे स्टेपिंग ५. तुमच्या हातात मात्र दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड आणि १८ एमबी एल३ कॅशच येते.

सीपीयू-झेडच्या पहिल्या पानावरच्या सगळ्याच रकान्यांवर सारखा विश्वास ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगेन. फॅमिली, मॉडेल आणि स्टेपिंग हे आकडे सीपीयूआयडी या सूचनेद्वारे थेट चिपमधून वाचले जातात. कोड नेम, म्हणजे अल्डर लेकसारखे चिपच्या पिढीचे नाव, मात्र सॉफ्टवेअर त्या आकड्यांवरून स्वतःच्या यादीत शोधून लिहिते, त्यामुळे जुन्या आवृत्तीत ते चुकू शकते. आय५-१३४०० च्या बाबतीत तर एक्स्टेंडेड मॉडेलच्या रकान्यात (हा आकडा षोडशमान पद्धतीत असतो) ९७ असेल तर आत अल्डर लेकची डाय असते आणि बी७ असेल तर रॅप्टर लेकची. लिनक्सवर एलएससीपीयू ही कमांड हेच आकडे दशमान पद्धतीत, म्हणजे १५१ आणि १८३ असे दाखवते. ते पाहून गोंधळू नका.

स्टेपिंगला खरे महत्त्व होते ते कोअर २ क्वाड क्यू६६०० या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरमध्ये. त्याच्या बी३ स्टेपिंगचा टीडीपी (किती उष्णता बाहेर काढावी लागेल याचा आकडा) १०५ वॅट होता, तर २००७ मध्ये आलेल्या जी० चा ९५ वॅट, आणि ओव्हरक्लॉकिंग करणारे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणारे, जी० च शोधत असत.

जुना प्रोसेसर घेताना मात्र सीपीयू-झेडमधला स्पेसिफिकेशनचा रकाना पैसे देण्याआधी दुकानातच उघडून पाहा. तिथे मॉडेल क्रमांकाऐवजी ‘जेन्युइन इंटेल ००००’ असे आले, तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना असतो. तो घेऊ नका.