दिल्लीला अर्ज करण्याआधी नोटिशीवरचं कलम वाचा

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे आठ माग आहेत, टॉवेल काढतो. त्याच शेडमध्ये वार्पिंग (ताण्याचे धागे गुंडाळणं) आणि टॉवेलच्या कडा शिवायच्या चार मशिनी आहेत. वीज कंपनीच्या भरारी पथकाने पाहणी करून ‘ही यंत्रमागाची वर्गवारी नाही, सर्वसाधारण उद्योगाची आहे’ असं म्हणत 40 महिन्यांच्या फरकाचं 3 लाख 12 हजारांचं बिल दिलं. पंधरा दिवसांत भरलं नाही तर कनेक्शन तोडणार म्हणतात. दिल्लीच्या केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे गेलो तर स्थगिती मिळेल का? – एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : नाही मिळणार. त्या अर्जाच्या नादात तुमचे पंधरा दिवस मात्र जातील.

केंद्रीय आयोग मोठा, पण त्याचं काम तुमच्या मीटरपर्यंत येत नाही. सोलापुरात राहून हे समजायला अवघड नाही. आपल्या दक्षिण सोलापुरातला एनटीपीसीचा 1320 मेगावॉटचा प्रकल्प केंद्राच्या कंपनीचा, म्हणून तिथली वीज वितरण कंपन्यांना काय भावाने द्यायची, ते हा आयोग ठरवतो. रायचूर–सोलापूर 765 केव्ही वाहिनी 31 डिसेंबर 2013 ला सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. तीही आंतरराज्य, म्हणून त्याच्याच कक्षेत. विद्युत कायदा 2003 च्या कलम 79 मध्ये हे सगळं आहे. तुमच्या शेडमध्ये उतरणाऱ्या विजेचा दर आणि वर्गवारी मात्र मुंबईतला राज्य आयोग ठरवतो. तोही एकेकाच्या बिलाची तक्रार ऐकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच ते स्पष्ट केलं. बिलाच्या भांडणासाठी कलम 42 खाली ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पाठवलेल्या नोटिशीच्या फोटोत आकडा दिसतो, पण खालची ओळ कागदाच्या घडीत गेली आहे. कागद उलगडून तिथे कलम कोणतं लिहिलंय ते बघा. 126 असेल, म्हणजे ‘अनधिकृत वापर’, तर मंचाचा दरवाजा बंद. मग आधी तात्पुरत्या आकारणीवर लेखी हरकत आणि अंतिम आदेश झाला की 30 दिवसांत कलम 127 चं अपील, तेही निम्मी रक्कम भरून. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची मुदत इथेच गेलेली असते, कारण ते ‘साहेबांना भेटतो’ म्हणत फिरत राहतात.

126 नसेल, नुसतं ‘वर्गवारी फरक’ असेल, तर तुमची बाजू बरीच चांगली आहे. कंपनीने इतकी वर्षं स्वतःच यंत्रमागाच्या दराने बिलं दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मार्च 2019 मध्ये कलम 56(2) चा अर्थ लावताना सांगितलं, की पहिल्या मागणीच्या तारखेमागे दोन वर्षांपलीकडच्या वापराचे पैसे कंपनीला मागता येत नाहीत. म्हणजे तुमच्या 40 पैकी 16 महिन्यांवर सरळ हरकत घ्या. कंपनी सर्वोच्च न्यायालयाचे 2020 आणि 2021 चे निकाल पुढे करेल; चुकून राहिलेली आकारणी नंतरही मागता येते, असं ते सांगतात. म्हणून ‘दोन वर्षांपूर्वीचं आपोआप माफ’ या बाजारगप्पांवर विसंबू नका. पण 2020 च्या त्याच निकालात अशा जुन्या रकमेसाठी वीज तोडता येत नाही, असंही आहे. ते पान मंचापुढे तुम्हीच ठेवा.

उरलेल्या 24 महिन्यांचं काय? तिथे वाद वर्गवारीचाच आहे. राज्य आयोगाच्या दर आदेशांत यंत्रमागाबरोबर वार्पिंग, डबलिंग, ट्विस्टिंग अशी पूरक कामं धरली आहेत. त्यामुळे वार्पिंगवरून तुम्हाला कोणी हलवू शकत नाही. ओढाताण होईल ती शिलाईच्या चार मशिनींवरून. त्यांचा भार आठ मागांच्या तुलनेत किती, ते मशिनींच्या मोटारींवरच्या क्षमतेच्या पाट्या वाचून लिहून काढा.

कनेक्शन वाचवायचं तर चालू बिल थांबवू नका. कलम 56(1) प्रमाणे वाद मिटेपर्यंत, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारं दरमहाचं बिल, यातलं जे कमी ते ‘हरकत राखून’ भरलं तर वीज तोडता येत नाही. तसं पत्र द्या आणि पोच घ्या. मंचाकडे दोन वर्षांत जाता येतं, पण तुम्ही याच आठवड्यात जा. तिथे तुमचं म्हणणं स्वतः मांडता येतं, वकील लावलाच पाहिजे असं नाही. निकाल विरोधात गेला तर लोकपालांकडे जायला 60 दिवस आहेत.

आणि पाहणी अहवालाची प्रत आजच मागा. त्यावर तुमची सही घेतलेली असणार. ‘टॉवेलच्या कडा’ऐवजी तिथे ‘गारमेंट’ असं लिहिलेलं असेल, तर मंचाच्या अर्जातला तुमचा पहिला मुद्दा तोच.