आर्डुइनो आणि मोटर ड्रायव्हर यांचे ग्राउंड वेगळे का ठेवावेत

परभणीहून आपण विचारले आहे की, रेसिंगच्या खेळासाठी दोन वायपर मोटरींवर बनवलेल्या हलत्या खुर्चीत बीटीएस७९६० चे ड्रायव्हर बोर्ड (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर मोटरला मोठा प्रवाह देणारे बोर्ड) असूनही आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड का जळाला आणि त्याच्यासोबत लॅपटॉपचे यूएसबी पोर्टही का गेले. माझ्या मते पोर्ट जाणे हाच यातला मुख्य धागा आहे.

हा ड्रायव्हर बोर्ड अनेकदा ‘आयसोलेटेड’, म्हणजे दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या असलेला, म्हणून विकला जातो, परंतु त्यावर असते ती ७४एचसी२४४ ही साधी बफर आयसी, म्हणजे इशारा फक्त पुढे पाठवणारी चिप. बफरमुळे पिनला थोडा आडोसा मिळतो. मोटरचा आणि आर्डुइनोचा ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची सामाईक तार, मात्र एकच राहतो. वजनासकट झुकलेली खुर्ची एकदम उलट फिरवली की ग्राउंडच्या तारेतला प्रवाह झटक्याने बदलतो, तिच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक पडतो आणि यूएसबी केबलमधून लॅपटॉपकडे जाण्याची वाट त्या प्रवाहाला मोकळीच असते. ५ व्होल्टवर चालणाऱ्या उनोच्या पिनला ५.५ व्होल्टच्या वरचे किंवा शून्याखाली अर्ध्या व्होल्टपलीकडचे व्होल्टेज सोसत नाही.

त्यात आपल्याकडच्या अर्थिंगची भर पडते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि अर्थ न मिळालेल्या एसएमपीएसची (घरच्या विजेपासून १२ व्होल्ट देणाऱ्या पुरवठ्याची) धातूची पेटी आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगू लागते. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येतात, त्या यामुळेच. खड्ड्यात पाणी घालत राहा आणि तीन पिनांचाच प्लग वापरा.

खरा उपाय ऑप्टोकप्लरचा, म्हणजे तारेऐवजी प्रकाशातून इशारा पलीकडे पोचवणाऱ्या चिपचा, आहे. पीडब्ल्यूएमसाठी, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या झटपट चालू-बंद इशाऱ्यासाठी, ६एन१३७ हा ऑप्टोकप्लर घ्यावा, कारण पीसी८१७ हा साधा ऑप्टोकप्लर त्या कामाला मंद पडतो. ऑप्टोच्या आउटपुटकडील ५ व्होल्ट मोटरच्या १२ व्होल्टवरून बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटने) वेगळे काढावेत. ते आर्डुइनोवरून घेतल्यास सारा खटाटोप वाया जातो. ६एन१३७ चा आतला एलईडी विझला की त्याचे आउटपुट पुल-अपमुळे (५ व्होल्टकडे ओढणाऱ्या रेझिस्टरमुळे) ‘हाय’ होते आणि ड्रायव्हरला ‘चालू’चा इशारा जाऊ शकतो, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर खुर्चीत माणूस बसवू नये. ड्रायव्हरच्या इनेबल पिनांसाठी (ड्रायव्हर चालू-बंद करणाऱ्या पिनांसाठी) स्वतंत्र पीसी८१७ घेऊन त्याचा कलेक्टर त्या वेगळ्या ५ व्होल्टला, एमिटर इनेबलला आणि तेथून १० किलोओहमचा रेझिस्टर मोटरच्या ग्राउंडला जोडावा. मग आर्डुइनो रीसेट झाला, वीज गेली किंवा केबल निघाली, तरी ड्रायव्हर आपोआप बंद होतो. एवढे करूनही मोटरचा पुरवठाच तोडणारे इमर्जन्सी बटण बसलेल्या माणसाच्या हाताशी हवेच.

खुर्ची थांबताना मोटर जनित्रासारखी वागून वीज परत ढकलते. ती एसएमपीएस सहसा शोषून घेत नाही, त्यामुळे १२ व्होल्टची लाइन वर चढते. गाडीची बॅटरी ही वीज सहज घेते, म्हणून शक्य असल्यास मोटरी एसएमपीएसऐवजी बॅटरीवरच चालवा आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ घाला.

खुर्चीची स्थिती सांगणारे पोटेन्शिओमीटर आर्डुइनोच्या बाजूचे आहेत. त्यांची धातूची बॉडी सांगाड्याला टेकू देऊ नका, मध्ये प्लास्टिकची पट्टी ठेवा. शेवटी सर्व प्लग काढून, बॅटरी सोडवून, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असल्यास आवाज देणाऱ्या सेटिंगवर) लावा आणि एक टोक आर्डुइनोच्या ग्राउंडला, दुसरे मोटरच्या ग्राउंडला टेकवा. आवाज आला, तर लॅपटॉप जोडण्याआधी ती जोडणी शोधून काढा.