व्हेंटिलेटर काढायला हो म्हणणं म्हणजे जीव घेणं का?

"आम्ही सही केली, तर बाबांना आम्हीच मारलं असं होईल ना?" आयसीयूबाहेरच्या बाकावर हा प्रश्न वारंवार निघतो. नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका कुटुंबाचं उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडील 79 वर्षांचे. फुप्फुसाचा जुना आजार, त्यात मेंदूत मोठा रक्तस्राव. व्हेंटिलेटरवरचा अकरावा दिवस. शुद्ध परत येण्याची आशा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. थोरला मुलगा म्हणत होता, "सही करून घरी घेऊन जातो." पुण्याहून आलेली मुलगी म्हणत होती, "पैसे लागू द्या, पण काही बंद करायचं नाही." आठ महिन्यांत तिचं नागपूरला येणं झालं नव्हतं, हे तिच्या हट्टामागचं खरं ओझं. आई गप्प.

आधी थोरल्याच्या मार्गाबद्दल. 'डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध' सही करून नेणं सोपं वाटतं आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यात वाईट ठरतं. नळी काढल्यावर अॅम्ब्युलन्समध्येच धाप लागते आणि ती शमवणारं मॉर्फिन द्यायला कुणी नसतं. घरी प्राण गेला की मृत्यूच्या दाखल्यासाठी डॉक्टर शोधत फिरावं लागतं, कारण घाटावर आणि नोंदणीला तो मागतात. शिवाय 'आपण पळवून आणलं' ही टोचणी कायमची.

मग दोघांना विचारलं, "तुम्हाला काय हवं ते राहू द्या. बाबा स्वतः काय म्हणाले असते?" तेव्हा आई बोलली. दिराला नळ्या लावलेलं पाहून परतताना बाबा रिक्षात म्हणाले होते, "माहं असं नोका करू बाप्पा." मुलीनं हे पहिल्यांदाच ऐकलं. पदर बोटाला गुंडाळत आईनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

आता कायदा. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. इंजेक्शन देऊन जीव संपवणं आजही गुन्हाच आहे. पण उपयोग उरलेला नाही असे उपचार न लावणं किंवा लावलेले काढणं, ठरलेल्या पद्धतीने केलं तर नाही. मूळ पद्धतीत दंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन रुग्ण पाहायचा होता, म्हणून ती कागदावरच राहिली. 24 जानेवारी 2023 ला ती सुटसुटीत झाली. आता डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात. रुग्णालयाच्या पहिल्या मंडळात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतात. दुसऱ्या मंडळात वेगळे तज्ज्ञ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर. दोघांनीही शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. घरच्यांची लेखी संमती लागते आणि अंमल करण्यापूर्वी रुग्णालय दंडाधिकाऱ्यांना कळवतं. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. म्हणजे निर्णयाचा भार एकट्या मुलाच्या सहीवर नसतो. मुलीला सगळ्यात जास्त हेच पटलं.

घरचे तरीही अडले असतील, तर डॉक्टरांशी बोलून 72 तासांची मुदत ठरवावी: लघवी, रक्तदाब, शुद्ध यांत काय दिसलं तर पुढे जायचं, काय दिसलं तर थांबायचं. हे आधी लिहून ठेवलं नाही, तर मुदत संपतच नाही.

आईची काळजी वेगळीच होती: तोंडात गंगाजल पडलं पाहिजे. बेशुद्ध माणसाला चमच्याने पाणी पाजलं तर ते फुप्फुसात उतरतं. कापसाचा बोळा भिजवून ओठ पुसावेत, तुळशीचं पान ओठांवर ठेवावं. परिचारिकेला आधी सांगितलं तर सहसा कुणी अडवत नाही. बौद्ध कुटुंबांनी मोबाइलवर हळू आवाजात परित्राण पाठ लावायला हरकत नसते. जमिनीवर उतरवणं मात्र आयसीयूत होत नाही. वेगळी खोली मिळते का, हे नळी काढण्याआधीच विचारावं.

नळी काढण्यापूर्वी मॉर्फिन आणि झोपेचं औषध द्यायला सांगा. ते धाप शमवतं, जीव घेत नाही. त्यानंतर काही मिनिटं लागतील की दोन दिवस, कुणीच सांगू शकत नाही. हे आधी कळलं नाही तर घरचे घाबरून पुन्हा नळी घालायला लावतात. घरघर लागली म्हणजे गुदमरताहेत असं नव्हे. गिळता न आलेली लाळ घशात वाजते. कुशीवर वळवलं की कमी होते.

सगळं ठरल्यावर आईनं विचारलं, "माह्यासाठी असा कागद आत्ताच होते का?" होतो. 'माझ्यावर असे उपचार नकोत' हा कागद शुद्धीत असताना लिहायचा, आपल्या वतीने निर्णय कोण घेईल त्यांची नावं घालायची, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यायचं. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मन बदललं तर लेखी रद्दही करता येतो. आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तिथला कागद दहाव्यानंतर सापडतो.