मामा नाशिकला सिडकोत, मी पुण्यात. त्यांचा कॉम्प्युटर इथून दुरुस्त करायला फुकटातलं कोणतं साधन चांगलं?

मामांकडे विंडोज १० किंवा ११ असेल तर आधी क्विक असिस्ट (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर बघून मदत करायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) बघा. ते बहुतेक वेळा आधीपासूनच असतं. मामांनी कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही तीन बटणं एकत्र दाबायची आणि तुम्ही फोनवर सांगाल तो कोड टाकायचा. मायक्रोसॉफ्टचं खातं फक्त तुम्हाला लागतं, मामांना नाही. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा, कारण पासवर्ड आठवण्यातच अर्धा तास जातो! एक अडचण: "या प्रोग्रामला परवानगी द्यायची का?" अशी चौकट आली की तुमच्याकडे पडदा काळा होतो. घाबरू नका, मामांना "हो" दाबायला सांगा.

मामा घरी नसतानाही काम करायचं असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप. एकदा नाशिकला गेलात की पिन घालून बसवून या. मात्र कॉम्प्युटर चालू हवा, झोपलेला चालत नाही. टीमव्ह्यूअर घरगुती वापराला फुकट आहे, पण व्यावसायिक वापराचा संशय आला की मध्येच जोडणी तोडतं.

आणि मामांना बजावून ठेवा: "बँकेतून बोलतोय" म्हणत कोणी कोड मागितला किंवा ॲप टाकायला सांगितलं, तर सरळ फोन ठेवायचा.