मिरर न्यूरॉन माकडांमध्ये कसे सापडले?

इटलीतल्या पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलाती यांचा गट मकाक माकडांच्या मेंदूत अतिशय बारीक इलेक्ट्रोड घालून एकेका चेतापेशीचे संदेश टिपत होता. माकडाने खाऊचा तुकडा उचलला की हालचालीशी संबंधित पेशी जाग्या व्हायच्या, त्यात नवल काहीच नव्हतं. पण समोरच्या संशोधकाने तुकडा उचलला आणि माकड नुसतं बघत बसलं, तरी त्यातल्याच काही पेशी पेटल्या! माकडाचा हात मात्र हललाही नव्हता. स्वतः कृती करताना आणि दुसऱ्याची तीच कृती बघताना, दोन्ही वेळा जाग्या होणाऱ्या या चेतापेशी म्हणजेच मिरर न्यूरॉन. १९९२ साली हे प्रसिद्ध झालं.

त्यावरून 'माणसाची भाषा, सहानुभूती सगळं यांच्यामुळेच' असं सर्रास ठोकून देतात, ते जरा अतीच. पेशी ज्यांच्यात सापडल्या ती मकाक माकडं एकमेकांची धड नक्कलही करत नाहीत, बोलणं तर दूरच.