हॅम्बुर्ग की उल्म? घर नदीच्या कुठल्या काठावर आहे तेही बघा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. यजमानांना दोन ठिकाणी नोकरी मिळतेय, एक हॅम्बुर्गला आणि एक उल्मजवळ. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. तुम्ही नाशिकच्या. विचारलंय इतकंच, की दोन्हीकडचं हवामान कसं, जमीन कशी आणि कुठे रमाल. व्हिसा, विमा, पगार यांचं मी काही लिहीत नाही, ते दूतावासाच्या पानावर सगळं आहे. मी २०१२ साली वाईहून जर्मनीत आले आणि पुढच्याच वर्षापासून उल्मच्या समोरच्या काठावर राहते. जे माहीत आहे ते लिहिते.

आधी हॅम्बुर्ग, कारण ते थोडक्यात सांगता येतं. माझी नणंद तिथे असते. उत्तर जर्मनी म्हणजे सपाट मैदान. डोंगर नाहीत, त्यामुळे वारा अडत नाही. समुद्र शंभरेक किलोमीटर लांब, तरी भरती-ओहोटी एल्ब नदीतून थेट शहरात येते आणि पाणी साडेतीन मीटर वरखाली होतं. १९६२च्या फेब्रुवारीत वादळाने समुद्राचं पाणी आत लोटलं, बांध फुटले आणि ३१५ माणसं गेली. म्हणून तिथे बांधांना इतकं जपतात. हिवाळा दक्षिणेपेक्षा सौम्य, कारण पश्चिमेचे समुद्री वारे. पण डिसेंबरात दिवस साडेसात तासांचा, आणि त्यातही आभाळ भरलेलं. आपल्याकडे सर्वांत छोटा दिवसही अकरा तासांचा असतो, हे इथे येईपर्यंत आपल्या कधी लक्षातच येत नाही.

आता उल्म. दक्षिणेला आल्प्स, उत्तरेला श्वेबिश आल्ब नावाचं चुनखडीचं पठार, आणि मधून पूर्वेला वाहणारी डॅन्यूब. इथे तिला डोनाउ म्हणतात. शहर पावणेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे पुण्यापेक्षा थोडं कमी उंचीवर. डोंगरांचा बाऊ करू नका. ब्लॅक फॉरेस्ट या इथल्या डोंगररांगेचं सर्वांत उंच शिखर फेल्डबर्ग १४९३ मीटर आहे. आपलं कळसूबाई १६४६. कळसूबाई तुम्ही चढला असाल तर आल्प्स सोडून इथल्या कुठल्याही डोंगराला घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं असेल तर पावसाला, आणि त्यातही आपल्याच सवयीला. शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस म्हणजे आपल्याला श्रावणातला एखादा दिवस. जुलै २०२१ मध्ये पश्चिमेकडच्या आर नदीच्या खोऱ्यात साधारण तेवढाच पडला, आणि त्या एका खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली. दरी अरुंद, उतार तीव्र, माती आधीच भिजलेली, घरं नदीला चिकटून. मी बातम्या बघत म्हणाले होते, "एवढ्याशा पावसाने?" मग आकडे यायला लागले. तेव्हापासून तो शब्द मी वापरत नाही.

धुक्याबद्दल मात्र नीट लिहिते, कारण ते कोणी सांगत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी हवेचा दाब वाढतो, वारा पडतो, थंड हवा दरीच्या तळाशी साठते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. नदी आणि आजूबाजूच्या दलदलीची वाफ त्या झाकणाखाली अडकते. उल्म धुक्यासाठी प्रसिद्धच आहे. आठ-आठ दिवस समोरची इमारत दिसत नाही. चर्चचा मनोरा १६१ मीटरचा, गावात उभं राहून त्याचा निम्मा भागही दिसत नाही. सकाळी आठला अजून उजाडलेलं नसतं आणि मुलं दप्तराला चमकणाऱ्या पट्ट्या लावून शाळेत निघतात. पहिल्या वर्षी मी खिडकीतून पोराच्या त्या दोन पट्ट्या बघत राहायचे. वळणापर्यंत दिसायच्या. मग त्याही नाही.

उपाय साधा आहे: गाडीत बसा आणि अर्धा तास आल्बच्या पठारावर जा. सातशे मीटरच्या वर लख्ख ऊन असतं आणि खाली धुक्याचा समुद्र. हे मला तिसऱ्या वर्षी एका शेजारणीने सांगितलं. दोन हिवाळे मी समजत होते की सगळ्या देशातच सूर्य नाही.

एकटेपणाचं विचारलंत. येतो आणि जातो. भाषा शिका, पोहायच्या तलावावर जा, गणपतीला मराठी मंडळी जमतात तिथे जा. एवढं पुरे.

आता शाळा. तुम्ही ते विचारलं नाहीत, पण मुलगी तिसरीत आहे हे वाचूनच मी लिहायला बसले. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वाटणी होते. कोण गिम्नाझियमला, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, कोण रेआलशूलेला, म्हणजे मधल्या पातळीच्या शाळेत, कोण आणखी तिसऱ्या प्रकारच्या शाळेत. आणि शाळांचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. उल्म बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आहे. नदी ओलांडली की नोय-उल्म, ते बवेरियात. मधे फक्त पूल. आमच्याकडे भाडं कमी म्हणून आम्ही बवेरियाच्या काठावर घर घेतलं आणि त्यावर पाच मिनिटंसुद्धा विचार केला नाही.

बवेरियात चौथीला जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. इथे १ म्हणजे उत्तम. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम. माझ्या मुलाला जर्मनमध्ये ३ मिळणार हे ठरलेलं होतं, सहाव्या वर्षी आलेलं पोर ते. गणितात २. परिसर अभ्यासात २ हवा होता, आणि तो मिळत होता. मग नद्यांची चाचणी आली. इथल्या प्रत्येक पोराला एक यमक पाठ असतं: इलर, लेख, इझार, इन या नद्या डॅन्यूबला उजवीकडून मिळतात, आणि व्हर्नित्स, आल्टम्यूल, नाब, रेगेन डावीकडून. मला ते यमक माहीत नव्हतं. मी त्याला माझ्या पद्धतीने शिकवलं. संध्याकाळी काठावर नेलं आणि वरच्या अंगाला इलर मिळते ती जागा दाखवली. ती आल्प्सचं वितळलेलं बर्फ आणते, आणि संगमावर तिचंच पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त असतं, हेही सांगितलं. पण दाखवताना आम्ही दोघं पाणी येतं त्या दिशेला तोंड करून उभे होतो. वाईला कृष्णेच्या घाटावर मी लहानपणापासून तशीच बसत आले, वरच्या अंगाला धोमकडे बघत. नदीचा उजवा काठ प्रवाहाच्या दिशेने बघून ठरतो, हे मी भूगोलात शिकले होते आणि त्या संध्याकाळी विसरले. त्याने आठही नद्यांची नावं बरोबर लिहिली, आणि आठही चुकीच्या बाजूला. बाईंनी एकही गुण दिला नाही. वर्षाचा २ होता तो ३ झाला. सरासरी २.६६.

सरासरी चुकलेल्या मुलांसाठी तीन दिवसांचे परीक्षावर्ग असतात, ते देता आले असते. तो रडला आणि नको म्हणाला, आणि मी जोर केला नाही. पुलापलीकडे त्या वर्षी आईवडिलांची इच्छा पुरेशी होती. त्या राज्याने २०२४-२५पासून नियम पुन्हा कडक केलेत, त्यामुळे आता तो काठही तितका सोपा नाही. हॅम्बुर्गला चौथीनंतर पालकच ठरवतात. सहावीनंतर शाळा मुलाला हलवू शकते, पण दोन वर्षं जास्त मिळतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या शाळेतूनही १३ वर्षांत विद्यापीठाची परीक्षा देता येते. तेव्हा मला विचाराल तर हॅम्बुर्ग. वारा सोसेल, अंधार सोसेल. आठ वर्षांच्या मुलीला भाषा पिकायला वेळ हवा.

हे मी निःपक्षपातीपणे लिहिलेलं नाही, ते तुम्हाला कळलंच असेल. माझा मुलगा आता १९ वर्षांचा आहे, मेकॅट्रॉनिक्सचं प्रशिक्षण घेतोय, स्वतःचे पैसे कमावतो. तो म्हणतो, "आई, मी ठीक आहे." असेलही. मला ती संध्याकाळ अजून आठवते.

उल्ममधून अठराव्या शतकात हजारो कुटुंबं हंगेरी आणि बनाट (आजच्या रुमानिया-सर्बियाकडचा प्रदेश) इकडे गेली, सपाट लाकडी नावांत बसून. उल्मर शाख्टेल म्हणतात त्या नावांना. प्रवाहाबरोबर जायच्या, परत यायच्या नाहीत. पोचल्यावर मोडून लाकूड विकायचे. त्या लोकांची पिढ्यांबद्दल एक म्हण आहे: पहिल्याला मरण, दुसऱ्याला ओढाताण, तिसऱ्याला भाकरी. मी पहिली, तो दुसरा. ही म्हण इथल्या संग्रहालयात ऐकली तेव्हा मी बाहेर येऊन बाकावर बसले होते.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही इमेनडिंगनला गेलो. तिथे डॅन्यूब जमिनीत जिरते. चुनखडीत भेगा आहेत, आणि कोरड्या दिवसांत आख्खं पात्र पांढऱ्या गोट्यांचं होतं. ते पाणी बारा किलोमीटरवर आख नावाच्या झऱ्यातून वर येतं आणि ऱ्हाइनला मिळतं. १८७७ साली रंग ओतून हे सिद्ध केलं. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी उत्तर समुद्राला जातं. महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, तसंच. मी हे मुलाला सांगत होते. तो पात्राच्या मधोमध उभा राहिला, पाणी ज्या दिशेने वाहिलं असतं तिकडे तोंड करून, आणि उजवा हात वर केला. काही बोलला नाही. मीही नाही.

कागदपत्रांचं एकच, कारण त्यात आमचे आठ महिने गेले. मुलाच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा होता. बारशाआधी नोंद झाली की असं होतं. इथल्या कार्यालयाने तो परत केला, मग पुन्हा भाषांतर, पुन्हा शिक्का, आणि तिकडे माझ्या वडिलांनी उन्हातान्हात चार खेपा घातल्या. ते आता नाहीत. तुमच्या मुलीच्या दाखल्यावर तिचं नाव आहे ना, ते आजच काढून बघा.